खेळपेटीच्या नोंदी : जून ते सप्टेंबर २०२४

शनिवार, १ जून

शाळा सुरू होऊन दोन-तीन दिवस झालेत. दुपारी शेजारचा तिसरीतला मुलगा वही घेऊन आमच्या सोप्यात बसला होता. त्याची आई अंक सांगत होती, तो लिहीत होता. पस्तीसला ५३, बासष्टला २६, एकवीसला १२. पण पंचावन्न बरोबर, चव्वेचाळीस बरोबर. आई म्हणाली, "ध्यानच नाही ह्याचं." मला तसं वाटलं नाही. ध्यान नसतं तर कुठेही चुकला असता. हा प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेने चुकत होता. बासष्टमधला 'बा' आधी कानावर पडतो, म्हणून त्याने २ आधी लिहिला. पस्तीसचा 'पस्' आधी, म्हणून ५ आधी. जसं ऐकलं तसं लिहिलं, एवढाच त्याचा गुन्हा.

रागावून हे सुटणार नाही. हातात धरता येईल, उचलून इकडचं तिकडे ठेवता येईल असं काहीतरी हवं. शनिवारी सकाळची शाळा असते आणि दुपारी गल्लीतली पोरं अशीही आमच्याच सोप्यात जमतात. म्हणून ठरवलंय की दर शनिवारी तीन ते पाच खेळायचं. साधी स्टेशनरी आणि घरात सापडेल ते, एवढ्यावर भागवायचं. जे खेळ मुलं दुसऱ्यांदा मागतील ते बुटांच्या खोक्यात भरून गणपतीआधी सहा घरांत सहा खेळपेट्या द्यायच्या. काय जमलं, काय फसलं ते इथे लिहून ठेवते.

सोमवार, ३ जून

बेळगावला जाऊन आले. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे जाता-येता शून्य तिकीट, तेवढे पैसे सामानाला लागले. पांढऱ्या कार्डशीट आठ, रंगीत चार, रबरबँडचं पाकीट, मेणखडू, स्केचपेन, दोन काळे मार्कर, चौकटीच्या वह्या सहा, डिंकाची बाटली आणि पेन्सिली दोन डझन.

पेन्सिली षटकोनीच हव्यात असं दुकानात दोनदा सांगितलं होतं. घरी पुडकं सोडलं तर एक डझन गोल निघाल्या. मला पेन्सिलीचा फासा करायचा होता. पेन्सिलीला सहा बाजू, प्रत्येक बाजूवर एक ते सहा अंक घालायचे, जमिनीवर घरंगळत सोडायची आणि वरच्या बाजूचा अंक वाचायचा. गोल पेन्सिल काय कामाची? परत द्यायला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. राहू देत, लिहायला होतील.

कार्डशीट सुरळी करून बांधून दिल्या होत्या, त्या उलगडेनात. उलट्या बाजूने गुंडाळून तासभर ठेवल्या, मग रात्रभर गादीखाली घातल्या. सकाळी सपाट.

शनिवार, ८ जून

चौदा मुलं आली. पहिली ते पाचवी सगळी एकत्र, आणि ताईच्या कडेवर आलेलं एक दीड वर्षाचं बाळ.

आजचं काम फक्त पानं कापायचं. कार्डशीट बावीस बाय अठ्ठावीस इंचाची. दोन बाय तीन इंचाची पानं पाडायची तर एका शीटमधून किती निघतील, हे आधी अंदाजाने सांगायला लावलं. कुणी पन्नास म्हणालं, पहिलीतला एकजण हजार म्हणाला. चौथीतल्या मुलीने काही न बोलता फूटपट्टी घेतली. कडेकडेने खुणा करत गेली, जिभेचं टोक दातांत धरलेलं. बावीस इंचात दोनाची अकरा. अठ्ठावीस इंचात तिनाची नऊ, वर एक इंच शिल्लक. अकरा नवे नव्व्याण्णव. मान वर करून म्हणाली, "अक्का, शंभराला एक कमी पडुलालंय."

त्या एकाने सगळ्यांना अस्वस्थ केलं. शंभर का होऊ नयेत? उरलेल्या एक इंची पट्टीतून पान निघत नव्हतं. शेवटी तिसरीतल्या त्या शेजारच्या मुलानेच पट्टीचे दोन-दोन इंचाचे तीन तुकडे केले, एकाखाली एक लावले आणि मागून कागद चिकटवला. दोन सांध्यांचं शंभरावं पान झालं. आता ते पान कुणाच्या वाट्याला जाणार यावर वाद आहे.

कटर मी चालवला, कात्री मोठ्यांनी. बाळाने खोडरबराचा तुकडा तोंडात घातला होता, बोट घालून काढला. पुढच्या वेळेपासून बारीक वस्तू सोप्याच्या कट्ट्यावर ठेवायच्या, खाली नाही. चिंचोके, रबराचे तुकडे, मणी काही म्हणजे काही जमिनीवर पडू द्यायचं नाही.

शनिवार, १५ जून

दशकाच्या जुड्या. जुन्या खराट्याचे हीर बोटाएवढे कापले आणि टोकं पॉलिश पेपरवर घासून बोथट केली. दहा हीर मोजायचे, रबरबँड घालायचा, झाली जुडी. सुटे हीर म्हणजे एकक.

रबरबँडने त्रास दिला. पहिली-दुसरीच्या बोटांना दुहेरी वेढा घालता येत नाही. घालताना सुटतो, हीर अंगणभर होतात, मग पुन्हा मोजणी. दोन-तीन तर घालता घालताच तुटले. तरी त्या सांडण्यातून फायदा असा झाला की दुसरीतली एक मुलगी जुडी बांधताना दहा वेळा तरी दहा मोजून गेली.

जुड्या तयार झाल्यावर मी अंक पुकारला, त्यांनी मांडला. सव्वीसला काहींनी सहा जुड्या आणि दोन सुटे ठेवले. म्हणजे चूक पेन्सिलीतून हिरांत गेली, इतकंच. मी जिथे सुरुवात केली तिथेच उभी आहे असं वाटलं.

शनिवार, २२ जून

आजची नोंद सविस्तर लिहायला हवी.

काल वटपौर्णिमा झाली. वडाला गुंडाळून उरलेली सुताची गुंडी देव्हाऱ्यापाशी होती. सासूबाईंनी (आम्ही त्यांना मामी म्हणतो) ती मला आणून दिली : "ते रबर टाकून दे, सुतानं बांध." सुताची जुडी पोरांना जमली. तीन वेढे आणि एक गाठ.

मामी सोप्याच्या कोपऱ्यात सुपात चवळी निवडत बसल्या. इकडे मी पुकारलं, "त्रेपन्न." शेजारच्या मुलाने तीन जुड्या ठेवल्या आणि पाच सुटे मोजायला घेतले. मामींनी सुपातून मान वर केली नाही. चवळीतला खडा बाहेर टाकत म्हणाल्या, "ऐवत्तमूरु रं."

पोराचा हात थांबला. त्याने तीन जुड्यांकडे बघितलं. आणखी दोन उचलून शेजारी लावल्या, पाच झाल्या. हातातल्या पाच सुट्यांतले दोन परत ठेवले. पाच जुड्या, तीन सुटे. मग पाटीवर ५३ लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता मामींकडे बघितलं.

मामींनी कितीतरी वर्षं बेळगावच्या बाजारात रताळी विकली. घरात मराठी, पण बाजारातला हिशोब कायम कानडीत, अजूनही त्या मनात कानडीतच मोजतात. हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. त्याचा इथे उपयोग होईल हे कधी सुचलं नाही.

गोष्ट इतकी उघड आहे. मराठीत एकक आधी बोलतो : त्रे-पन्न, बा-सष्ट, एक-वीस. लिहिताना दशक आधी. म्हणजे कान एकीकडून येतो, हात दुसरीकडून. कानडीत दशकच आधी : इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक, एकवीसला इप्पत्तोंदु. मूवत्तैदु, तीस आणि पाच. अरवत्तेरडु, साठ आणि दोन. जसं बोलायचं तसंच डावीकडून उजवीकडे लिहायचं. अकरा-बारासुद्धा तसेच, हन्नोंदु आणि हन्नेरडु, दहा आधी.

लगेच सगळ्यांवर करून बघितलं. खेळ असा : एकाने मराठीत अंक पुकारायचा, दुसऱ्याने कानडीत म्हणायचा, तिसऱ्याने मांडायचा, चौथ्याने पाटीवर लिहायचा. चौघांचं जुळलं तर गटाला एक खडा. कानडी आकडे पुढपर्यंत येणारी सहा मुलं निघाली. कंडक्टरकडून, दुकानातून, आठवडी बाजारातून कानावर पडलेले, आणि शाळेत कानडी विषय आहेच. बाकीच्यांना वीसच्या पुढे येत नव्हतं. त्यांच्यासाठी रंगीत कार्डशीटवर देवनागरीत दशकांची नावं लिहिली : हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु, ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु.

अर्ध्या तासात उलटे अंक निम्म्यावर आले असं लिहिण्याचा मोह होतो, पण मोजले नाहीत, म्हणून लिहीत नाही. पुढच्या शनिवारी मोजायचे.

२०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं अडखळतात. तेव्हा मलाही वाटलं होतं की आपले एकवीस-बावीस का सोडायचे? अजूनही वाटतं की सोडू नयेत. पण त्यांचं दुखणं खरं होतं, ते आज हिरांच्या जुड्यांत दिसलं. आमच्या पोरांना 'वीस एक' नव्याने शिकवायची गरज नाही. त्यांच्या कानात इप्पत्तोंदु आधीच आहे.

शनिवार, २९ जून

एका मुलीचे वडील पोहोचवायला आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, "मराठी शाळेत घातलीय, आणि इथं कानडी आकडे पाठ करुलालीय. असं कसं?" या भागात हा प्रश्न हलका नाही, आणि त्यांच्या विचारण्यात राग कमी, काळजी जास्त होती. मी त्यांना बसवलं. मुलीला एकोणसत्तरपर्यंतचे काही अंक मराठीत पुकारले, तिने मांडून लिहून दाखवले. बासष्टला तिने ओठांतल्या ओठांत अरवत्तेरडु म्हटलं आणि ६२ लिहिलं. मी सांगितलं की पक्कं व्हायला हवंय ते मराठी बासष्टच, कानडी हा फक्त कठडा आहे, जिना चढून झाला की हात सुटेल. ते चहा घेऊन गेले. पटलं की नाही कळलं नाही, पण मुलगी पुढच्या वेळेला यायची आहे.

आज उलटे अंक मोजले. प्रत्येकाला दहा अंक, तिसरी ते पाचवीच्या आठ मुलांना मिळून ऐंशी. नुसतं मराठीत पुकारले तेव्हा उलटे एकोणीस. दुसरे दहा, मनात कानडी म्हणून लिहा असं सांगितल्यावर, उलटे सात.

नवा खेळ : झाकणपत्ते. दशकाचं पान दोन घरं रुंद (२०, ३०, ४०…), एककाचं पान एक घर रुंद. ६० च्या पानावर उजव्या कडेला २ चं पान ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि ६२ दिसतं. पान उचललं की खाली शून्य तसंच. दुसरीतल्या एकाने पान पंधरा-वीस वेळा उचलून खाली डोकावून बघितलं. प्रत्येक वेळी शून्य तिथेच असल्याची त्याला खात्री करून घ्यायची होती. मी मध्ये पडले नाही.

करताना एक ध्यानात ठेवायचं : एककाचं पान दशकाच्या पानाच्या बरोबर निम्मं हवं. दोरीभर जरी कमी पडलं तरी शून्याची कड बाहेर दिसते आणि मुलं तिला अंक समजतात. म्हणून दोन्ही पानं एकाच पट्टीतून कापायची.

शनिवार, ६ जुलै

बाराखडीचं चक्र. दोन दिवस खपून केलं आणि फसलं.

कल्पना सरळ होती. सहा इंची दोन चकत्या, मध्ये टाचणी. खालच्या चकतीवर कोनमापकाने तीस-तीस अंशांचे बारा भाग, त्यांत बारा चिन्हं. वरच्या चकतीला खिडकी, खिडकीशेजारी अक्षर. फिरवलं की क, का, कि, की. काना उजवीकडे येतो, तो बसला. पहिली वेलांटी डावीकडे हवी. उकार खाली, मात्रा वर. एका खिडकीतून चारी दिशांची चिन्हं कशी येतील? तिसऱ्याच घरात चक्र अडलं. पाचवीतला मुलगा म्हणाला, "कि उलटा पडुलालाय की ओ अक्का."

संध्याकाळी कपाट आवरताना साडीच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक हाती लागलं. त्याचे दोन बाय तीनचे तुकडे केले, अक्षराच्या पानाएवढेच. प्रत्येक तुकड्यावर मार्करने एकच चिन्ह काढलं, जिथे ते बसतं तिथे. 'क'च्या पानावर वेलांटीचा तुकडा ठेवला की 'कि'. तोच तुकडा उचलून 'म'वर ठेवला की 'मि'.

रात्री मामींना करून दाखवताना माझ्या ध्यानात आलं. वहीत लिहिताना वेलांटी आधी काढतो आणि मग अक्षर, तोंडाने मात्र आधी 'क्' आणि मग 'इ'. त्रेपन्नसारखाच उलटा क्रम! प्लास्टिकच्या खेळात आधी अक्षराचं पान ठेवायचं, मग वेलांटी त्यावर. हाताचा क्रम आणि तोंडाचा क्रम एक झाला.

शनिवार, १३ जुलै

पाऊस धरून आहे. नऊच मुलं.

प्लास्टिकचे तुकडे सगळ्यांना आवडले. 'र'ने मात्र खोडी काढली : उकाराचा तुकडा 'र'वर ठेवला तर उकार खाली लोंबतो, पण 'रु' लिहिताना तो पोटाशी बसतो. हे तिसरीतल्या मुलीने शोधलं, मी नाही. 'रु' आणि 'रू'ची वेगळी पानं केली.

मार्कर प्लास्टिकवरून घासून निघतो. चिन्ह काढलेली बाजू खाली ठेवली तर कमी घासतं, पण मग चिन्ह उलट्या बाजूने काढावं लागतं. सरळ वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली.

शनिवार, २७ जुलै

गेल्या शनिवारी आणि आजही कुणी आलं नाही. पाऊस असा लागलाय की शाळेलाच सुट्ट्या दिल्या. ओढ्याला पाणी आहे, पलीकडच्या गल्लीतल्या मुलांना यायला वाटच नाही.

पेटी उघडली तर जीव हळहळला. कौलांच्या घरात ओल कुठून कुठे जाते कळत नाही. स्केचपेनने लिहिलेले अंक फुटून निळे-जांभळे डाग झालेत. डिंकाने जोडलेली पानं सुटलीत. दोन सांध्यांचं शंभरावं पान पुन्हा तीन तुकडे होऊन पडलंय. मेणखडूने लिहिलेलं एकही अक्षर पुसलेलं नाही, मेणावर पाणी धरत नाही. पुढचं सगळं मेणखडूनेच.

घरात खळ करायची पद्धत आहे, मैदा शिजवून. बायंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, पोरांच्या हाती जाणाऱ्या पानांना चालणार नाही. आणि मोरचुदाशिवाय खळ लावली तर झुरळं पानं खातील. तेव्हा चिकटवणं शक्यतो टाळायचं. जिथे जोड हवा तिथे सुईदोरा. शंभरावं पान मी आज शिवलं.

पेट्या चुलीच्या वरच्या फळीवर ठेवल्यात, तिथे ऊब असते.

शनिवार, ३ ऑगस्ट

उघडीप. बारा मुलं. तीन आठवडे घरात कोंडलेली, त्यामुळे आवाज फार.

पेन्सिलीचे फासे आज झाले. नव्या पेन्सिली घरंगळून आपटल्या की आतलं शिसं मोडतं, म्हणून मुलांनी दप्तरातली थोटकं आणली. सहा बाजूंवर सुईने टोचून ठिपके केले आणि त्यात शाई भरली. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी, असं मी सांगितलं नाही. बाजारातला फासा हातात दिला आणि म्हटलं, हा नीट बघून तसाच करा. शोधायला त्यांना दहा मिनिटं लागली. शोधल्यावर मात्र एक मुलगी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला फासा दाखवत होती.

गोल पेन्सिलींचं काय करायचं तेही सुटलं : बुडाला थोडी खानापूरची माती थापली तर उभी राहते. तीन उभ्या केल्या, कागदाच्या कड्या करून टाकायच्या. एकक, दशक, शतक. एककाच्या पेन्सिलीवर दहा कड्या झाल्या की सगळ्या काढायच्या आणि दशकावर एक घालायची.

मग चौकटीच्या वहीवर बिंदू-चौकोन. आपण लहानपणी शेवटच्या बाकावर खेळायचो तोच. एद्वार ल्युका नावाच्या फ्रेंच गणितीने हा खेळ १८८९ मध्ये छापला होता. नऊ चौकोनांसाठी सोळा बिंदू. किती रेघा मारता येतील? आडव्या बारा, उभ्या बारा. मोठ्यांना हे मोजायला दिलं, लहानांनी नुसतं खेळलं. चौकोन पूर्ण झाला की त्यात नावाचं पहिलं अक्षर. दुसरीतला एक 'ज्ञ'ने सुरू होणाऱ्या नावाचा, त्याने छोट्याशा चौकोनात सुंदर 'ज्ञ' बसवला.

शनिवार, १० ऑगस्ट

काल नागपंचमी. पाच मुलं, बाकी झोक्यावर. मामींनी फरशीवर खडूने चौकाबाऱ्याचं घर आखलं, पाच बाय पाच. मध्ये आणि चारी बाजूंच्या मधल्या घरांत फुल्या. चिंचोके फोडून पांढरी बाजू काढली. चारी पांढरे पडले तर चौका, चार घरं. चारी काळे तर बारा, म्हणजे आठ घरं. बारा म्हणजे आठ कसे, हे पोरांना पटेना. मामी म्हणाल्या, आमच्या वेळेपासून असंच आहे. खेळ रंगला, सहा वाजले.

शनिवार, १७ ऑगस्ट

गावातले निवृत्त गुरुजी आज तासभर बसले. नली-कली या कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या खेळत-शिकण्याच्या पद्धतीत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. म्हैसूरकडच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमाराला ते सुरू झालं : कार्डं, गट, आणि प्रत्येक मुलाने आपल्या वेगाने चढायची शिडी. त्यांनी माझी पानं हातात घेऊन उलटसुलट बघितली. एकच सांगितलं, "बाई, चुकल्यावर खडा काढून घेता ते बंद करा. खडा मिळेल, जाणार नाही." मी ते लगेच बंद केलं. शेजारच्या मुलाच्या चेहऱ्यावर फरक दिसला. तो आता अंक मोठ्याने पुकारतो.

नंतर नाव-गाव-प्राणी-वस्तू. गाव आपल्याच जिल्ह्यातलं हवं, हा आमचा नियम. 'ह'ला हलगा, हिंडलगा, हुक्केरी. 'क'वर तर मारामारी : कणकुंबी, काकती, कडोली, कित्तूर. 'इ'ला सगळे अडले, तेव्हा एकीने इदलहोंड लिहून वीस गुण घेतले. 'स'ला कुणी सौंदत्ती, कुणी संकेश्वर, आणि विमानतळ म्हणून सांबरा. गुणांची बेरीज ज्याची त्याने करायची. बेरीज करतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, इतकी घाई असते.

राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्यांनाही हजार-आठशेऐवजी ५३, ३५, २६ आणि शून्य असे गुण घातले. मुद्दाम तेच अंक.

शनिवार, २४ ऑगस्ट

एकोणचा दिवस. कानडीत एकोणतीस म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. मराठीत 'एक उणे तीस'. इथे कानडी कठडा उपयोगी पडेना, तेव्हा मराठीच्याच वाटेने गेलो : तीन जुड्या मांडा, एका जुडीतून एक हीर काढा. सूत सैल करून एक हीर ओढायला मुलांना फार मजा आली. एकोणीस, एकोणतीस असं एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा चालतं. नव्व्याण्णवला मोडतं. "एकोणशंभर का नाही?" चौथीतल्या मुलीने विचारलं. मग तिला काहीतरी आठवलं, कार्डशीटची नव्व्याण्णव पानं तिनेच मोजली होती.

कानडीलाही आपली अडचण आहेच. ओंबत्तु नऊ, तोंबत्तु नव्वद. पहिलीतल्याने नऊ हिरांऐवजी नऊ जुड्या आणल्या. मामी हसल्या, म्हणाल्या, बाजारात नवी सून असते तेव्हा तीही असंच करते.

उलटे अंक पुन्हा मोजले. तीच आठ मुलं, ऐंशी अंक, नुसतं मराठीत पुकारून. पाच.

शनिवार, ३१ ऑगस्ट

सहा पेट्या भरल्या. प्रत्येकीत वीस जुड्या आणि वीस सुटे हीर, झाकणपत्त्यांचा संच, अक्षरांची पानं आणि प्लास्टिकची चिन्हं, दोन फासे, गोल पेन्सिली, चौकटीची वही, चिठ्ठ्या. झाकणाच्या आत खेळांची माहिती मेणखडूने लिहिली, वाचायला जड जाणाऱ्या घरांसाठी चित्रं काढली. बाळ असलेल्या घराच्या पेटीतून बारीक वस्तू काढून घेतल्या.

सगळा खर्च सातशेच्या आत बसला. सर्वांत महाग चिकटपट्टी पडली.

शिवलेलं शंभरावं पान ज्याने जोडलं त्याच्याच पेटीत ठेवलं. कुणी वाद घातला नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. पहिल्यांदाच पेट्या बघायला घरोघरी फिरले.

दोन घरांत पेटी सजावटीच्या सामानाखाली गाडली गेली होती. एका घरात आजोबा नातवाबरोबर झाकणपत्ते लावत बसले होते, आकडा कानडीत सांगत होते. ज्या वडिलांनी उंबऱ्यावर मला विचारलं होतं, त्यांच्या घरी गेले तर ते शेतावर होते. मुलीची आई म्हणाली, रात्री दोघं बिंदू-चौकोन खेळतात, आणि ते हरतात.

शेजारच्या मुलाची पेटी सर्वांत मळलेली. सुतं सैल झालीत, फाशाचा तीनचा एक ठिपका झिजलाय. त्याने आपणहून सांगितलं की २ चं पान हरवलंय, त्यामुळे बासष्ट होत नाही. मग स्वतःच म्हणाला की बासष्ट तो आता पानाशिवाय लिहू शकतो, पण धाकट्या बहिणीला लागेल.

सोमवारी कार्डशीट आणायची आहे. २ ची सहा पानं कापायची, दशकाच्या पट्टीतूनच.